चावी जरा वर उचलून फिरवायची

जुनी गाडी बघायला माणूस जातो तेव्हा काय काय बघत असतो, बॉनेट उघडतो, सायलेन्सरचा धूर हुंगतो, दारं आपटतो, टायरला उगीच एक लाथ घालतो, कुणीतरी शहाणा मित्र सोबत असतो तो खाली वाकून पत्रा किती गंजलाय ते बघतो. पण "दुसरी चावी आहे काय?" हे फार थोडे जण विचारतात. आणि विचारलं तरी विकणारा म्हणतो, आहे की, घरात कुठंतरी आहे, सापडली की देतो. ती काय परत सापडत नाही. खरं तर हा पहिल्या पाच प्रश्नांतला प्रश्न आहे, कारण गाडी चोरीला गेली आणि क्लेम टाकला की विम्यावाले दोन्ही चाव्या जमा करा म्हणतात, आणि एकच होती साहेब म्हटलं की तिथनं पुढं तुमचीच उलटतपासणी सुरू होते.

आमच्या आत्तीच्या गाडीलापण दुसरी चावी नव्हती.

आत्ती म्हणजे आमच्या वडिलांची बहीण, हायस्कूलला गणित शिकवायची, आता रिटायर. 1997 साली तिनं स्वतःच्या पगारातनं मारुती एट हंड्रेड घेतली, पांढरी, एमएच 09, म्हणजे आमच्या कोल्हापूरची. पेठेत त्या वेळी बाई गाडी चालवतेय म्हटल्यावर पोरं सायकली घेऊन मागनं यायची म्हणे, आणि त्यातली निम्मी पोरं तिच्याच वर्गातली असल्यामुळं ती खिडकीतनं नुसती बघायची आणि पोरं वळायची. त्या गाडीची आरसी पंधरा वर्षं झाल्यावर 2012 ला रिन्यू झाली, मग 2017 ला, मग 2022 ला, आता 2027 पर्यंत निवांत. विकायचा विषय घरात काढायचा नाही. कंपनीनं हे मॉडेलच 2014 ला बंद केलंय आत्ती, असं एकदा आमच्या मोठ्या भावानं सांगितलं तर म्हणाली, मीपण रिटायर झालो की, मग मलापण विकतोस काय?

तर चावी. मूळच्या दोन होत्या. त्यातली एक इग्निशनमध्येच मोडली, अर्धी आत अर्धी हातात, ती मेकॅनिकनं चिमट्यानं काढली. दुसरी मग रोज वापरून वापरून इतकी गुळगुळीत झाली की दात कुठले आणि पाठ कुठली कळायचं नाही, ती पण जाईल म्हणून आत्तीनं मशीनवर तिची एक कॉपी करून घेतली. मूळची कुठं गेली देव जाणे. आणि ही कॉपी मग इतकी वर्षं चालली.

चालली म्हणजे कशी, तर आत घालायची, केसभर मागं ओढायची, जरा वर उचलायची आणि मग फिरवायची. घरात प्रत्येकाची पद्धत वेगळी. आमचा भाऊ स्टिअरिंग डावीकडं दाबून धरायचा. मी चावी आत घालून अंगठ्यानं खालनं टेकू द्यायचो. आत्ती नुसतं "अंबाबाई" म्हणायची आणि फिरवायची, आणि तिचीच सगळ्यात पटकन लागायची हे कबूल करायलाच पाहिजे. लग्नकार्यात कुणाला सांगितलं की जरा गाडी मागं घे, तर पाच मिनिटांनी तो घाम पुसत येऊन सांगणार, मावशी तुमची गाडी लॉक झाली वाटतं. झिजलेल्या कुलपाची आणखी एक गंमत म्हणजे गाडी चालू असताना चावी उपसून घेता यायची. इंजिन चालू, चावी हातात. रंकाळ्यावर भेळ घ्यायला उतरली की आत्ती चावी घेऊन जायची आणि गाडी तिथं फडफडत उभी. बंद करून परत चालू करायला लागू नये म्हणून.

मी उद्यमनगरात एका मशीनशॉपमध्ये हिशेब बघतो, म्हणजे हात काळे न करता काळ्या हातांच्या माणसांत बसतो, त्यामुळं मला हे आधीच कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण घरातली गोष्ट असली की कोण विचार करतंय. असो.

हरवली ती लक्ष्मीपुरीत, रविवारच्या बाजारात. नुसती गाडीची असती तर एक, पण त्या जुडग्यात घराची, तिजोरीच्या कपाटाची, शाळेतल्या कुठल्यातरी कपाटाची जे आता अस्तित्वातच नाही त्याची, पितळेची अंबाबाई आणि एक नेलकटर असा अर्धा पावशेर ऐवज होता. मला फोन आला. जाऊन बघतो तर आत्ती गाडीला टेकून उभी, पायाशी मेथी, वांगी, ओल्या भुईमुगाच्या शेंगा, आणि भोवती दहा-बारा माणसं. "मी पिशवीतच ठेवलो होतो रे," एवढंच म्हणाली. मेथीची जुडी सोडवून बघून झालेली होती. ज्यांच्याकडनं भाजी घेतली त्या सगळ्या बायकांकडं जाऊन झालेलं होतं. शेंगावालीनं तर पोतं उलटं केलं, बिचारी.

आता कोल्हापुरात रस्त्यावर कुणाची गाडी बंद पडली की गर्दीतला प्रत्येक जण मेकॅनिक असतो. एक म्हणाला, काचेत पट्टी घाला. दुसरा म्हणाला, पट्टी नको वायर घाला. तिसऱ्याचं म्हणणं, मागची काच फोडा, ती स्वस्त आहे. एक पोरगं आलं ते म्हणालं, काकू मी डायरेक्ट करून देतो, दोन वायरी जोडल्या की सुरू, घरापर्यंत न्या. त्याला मी विचारलं, आणि स्टिअरिंग लॉकचं काय करतोस? तर म्हणाला, त्ये एक हिसका मारला की तुटतंय. आत्तीनं त्याच्याकडं वर्गात बघायची तसं बघितलं. पोरगं गेलं.

मग एक भाजीचे व्यापारी होते, त्यांची ओम्नी पलीकडं उभी होती. ते म्हणाले, थांबा, माझी चावी लावून बघू. मला वाटलं टाइमपास आहे. त्यांनी त्यांची झिजकी चावी आत्तीच्या ड्रायव्हरकडच्या दाराला घातली, दोनदा खाली-वर हलवली आणि दार उघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्तीला आनंद झाला का राग आला ते तिलाच कळेना, कारण ह्याचा अर्थ इतकी वर्षं ही गाडी कुणाच्याही चावीनं उघडत होती.

पण तीच चावी इग्निशनला लावली तर हलेना. ढिम्म. ह्याचं कारण नंतर कळलं. गाडीच्या कुलपात आत पितळेच्या पातळ पत्त्या असतात एकामागं एक, प्रत्येकीला मधे चौकोनी खिडकी, आणि बाजूला बारीक स्प्रिंग. चावी त्या खिडक्यांतनं आत जाते. चावीची खाच जितकी खोल तितकी ती पत्ती वर-खाली सरकते, आणि सगळ्या पत्त्या चावीबरोबर फिरणाऱ्या नळकांड्याच्या काठाला बरोबर सपाट झाल्या की नळकांडं फिरतं. एक जरी पत्ती केसभर बाहेर राहिली तरी ती कडेच्या खाचेत अडकते आणि फिरत नाही. दाराच्या कुलपात सहसा पत्त्या कमी असतात, इग्निशनमध्ये जास्त. शिवाय झिजलेली चावी आणि झिजलेलं कुलूप एकमेकांना बरंच माफ करतात. म्हणून दार उघडलं, गाडी सुरू झाली नाही.

दार उघडल्याचा एक फायदा झाला, डॅशबोर्डच्या खणातनं आरसी बाहेर आली.

बिंदू चौकाच्या अलीकडं एक चावीवाले मामा बसतात, छत्री, लाकडी पेटी, आणि वर टांगलेली पत्र्याची हातभर लांब चावी. त्यांना मी गाडीवर मागं बसवून आणलं. आले ते पहिल्यांदा गाडीकडं बघितलंच नाहीत, म्हणाले, "मॅडम, आरसी दाखवा. आन् तुमचं आधार." आत्तीनं दाखवलं. त्यांनी एका वहीत नाव, गाडी नंबर आणि फोन नंबर लिहून घेतला, सही घेतली. मला हे लय आवडलं. ज्याला कुठलंही कुलूप उघडता येतं त्यानं आधी वही उघडावी. गर्दीतल्या एकानं विचारलं, "मामा, चावीच नाही तर चावी बनवणार कशावरनं?" मामा म्हणाले, "चावी गेली तर जाऊ दे की. कुलूप हाय न्हवं जाग्यावर? मग चावी हाय म्हनायची, आपल्याला दिसत न्हाई एवढंच."

हे वाक्य मी नंतर मशीनशॉपमध्ये चारचौघांना सांगितलं. खरंच आहे ते. चावीची सगळी मापं कुलपाच्या पोटात तशीच्या तशी असतात. आपण मात्र आयुष्यभर चावीवरनं चावी बनवतो. ते मशीन असतं बघा, एका बाजूला जुनी चावी अडकवतात, दुसऱ्या बाजूला ब्लँक, म्हणजे दात न कापलेली कोरी चावी, जुन्यावरनं एक बोट फिरतं आणि तसंच्या तसं पलीकडं चाक कापत जातं. आता जुनी झिजलेली असेल तर झीजपण कापली जाते, वर मशीनची स्वतःची थोडी चूक. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर जसं होतं तसंच. आत्तीकडं इतकी वर्षं जी चावी होती ती मूळ चावीची म्हातारपणातली नक्कल होती, जन्मापासनंच झिजलेली. तिला उचलून, ओढून, देवाचं नाव घेऊन फिरवायला लागायचं ह्यात काय नवल.

मामांनी ड्रायव्हरच्या दाराला हात लावला नाही. डावीकडच्या दाराकडं गेले. आत्ती म्हणाली, अहो इकडचं दार मी वापरतो, तिकडं कुणी चावी लावत नाही. मामा म्हणाले, "म्हनूनच." ज्या कुलपात चावी फारशी गेलीच नाही त्याच्या पत्त्या जवळजवळ नव्या असणार. दाराचं आतलं पॅड काढलं, हँडलच्या मागं हात घालून नालासारखी एक क्लिप ओढली, सळी सोडवली आणि बोटभर कुलूप बाहेर. ते फडक्यावर उघडलं. आतनं काळपट मेणासारखं काहीतरी निघालं, नखानं खरवडण्याइतकं जाड. मामांनी वास घेतला.

"ह्यात तेल कुनी घातलंय?"

"खोबरेल," आत्ती म्हणाली. "मी घातलो. दर दिवाळीला घालतो. का?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. खोबरेल चोवीस-पंचवीस डिग्रीच्या खाली गेलं की गोठतं, डिसेंबरात सकाळी बाटली उन्हात ठेवायला लागते हे घराघरात माहीत आहे, पण कुलपातसुद्धा तेच होणार हा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. आणि गोठलं नाही तरी तेलाला धूळ चिकटते, धुळीचा चिखल होतो आणि पत्तीची ती इवलीशी स्प्रिंग त्यात रुतते. थंडीत सकाळी गाडी जास्त त्रास द्यायची त्याचं श्रेय आम्ही आजवर बॅटरीला देत होतो. मामा म्हणाले, घालायचंच तर पेन्सिलीचं शिसं उगाळून घाला, ग्राफाइट, कोरडं राहतंय. गणिताच्या बाईंच्या घरात पेन्सिली काय कमी.

मग पत्त्या पेट्रोलनं धुऊन फडक्यावर ओळीनं मांडल्या. प्रत्येकीवर बारीक आकडा ठोकलेला. कोणती पत्ती किती खोल, ते त्या आकड्यावर. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून, पत्ती डोळ्याला जवळजवळ चिकटवून आकडे वाचले, आत्तीनं मेथीच्या कागदावर लिहून घेतले, आणि लिहिताना मोठ्यांदा म्हणत होती, सवयीनं. त्या आकड्यांवरनं मामांनी पितळेच्या ब्लँकवर कानशीनं पहिल्या खाचा घातल्या. माप घ्यायला हातात काही नाही. पेटीतल्या दोन-तीन जुन्या चाव्यांशी ताडून बघायचे, बस.

एवढ्यावर दार उघडलं. इग्निशनच्या जास्तीच्या पत्त्या राहिल्या, त्यांचे आकडे कुणी वाचणार नाही, कारण ते कुलूप स्टिअरिंगच्या दांड्यावर असं बसवलेलं असतं की सहज निघू नये, त्याचे बोल्ट बसवतानाच डोकी तोडून टाकलेले असतात. इथं मग मामांचं खरं काम सुरू झालं.

ब्लँकची धार त्यांनी पॉलिश पेपरनं आरशासारखी केली. चावी आत घातली, पकडीत धरून फिरवायला जोर लावला, फिरणार नाही माहीत असून, आणि तसाच जोर ठेवून किंचित वर-खाली हलवली. बाहेर काढली. उन्हाकडं धरून तिरकी केली. मला काही दिसलं नाही. "बघा की," म्हणाले आणि नखानं दाखवलं, चकचकीत धारेवर एका जागी टाचणीच्या टोकाएवढा मंद ठिपका. तिथं आतली पत्ती अडली होती. मऊ पितळेवर तिनं सही केली होती. त्या ठिपक्यावर कानस दोन वेळा ओढली, जास्त नाही, परत पॉलिश, परत आत, परत जोर, परत उन्हात. ठिपका उमटायचा बंद झाला की ती पत्ती जमली. एखादी ओढ जास्त झाली की ब्लँक फुकट, परत पहिल्यापासनं. म्हणून घाई नाही. गर्दी पण गप्प झाली होती, तोपर्यंत काच फोडा म्हणणारा माणूस सगळ्यात पुढं उकिडवा बसून बघत होता.

मला त्या वेळी एक वाटलं ते इथं लिहून टाकतो. एवढ्याशा नळकांड्यावर किती कामं आपण टाकलीत. पूर्वी गाडीला हँडल मारायला लागायचं. 1912 ला कॅडिलॅकमध्ये इलेक्ट्रिक स्टार्टर आला, चार्ल्स केटरिंगचं काम ते, आणि हँडल मारून मनगटं मोडून घ्यायचं थांबलं. तरी चावी नुसती करंट सोडायची, स्टार्टरचं बटण वेगळं. चावी पुढं फिरवली की गाडी सुरू, हे 1949 मध्ये क्रायस्लरनं आणलं. मग स्टिअरिंग लॉक पण त्याच चावीवर आलं. दुसऱ्या महायुद्धात विलीज जीपला सुरुवातीला चावी होती, पुढं काढून टाकली आणि नुसता खटका दिला. बरोबर आहे, लढाईत कोण चावी शोधत बसतंय. आत्तीला सांगितलं तर म्हणाली, मग तसलीच जीप घ्यायला पाहिजे होती.

आणि कोल्हापुरात हे असलं काम बघताना बाबुराव पेंटरांची आठवण काढल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, मला पण नाही. 1918 च्या सुमारास ह्याच गावात त्यांनी सिनेमाचा कॅमेरा बनवला, खरी कॉर्नरला त्याचं स्मारक उभं आहे. ऑइल इंजिनच्या सुट्या भागांवर सगळं उद्यमनगर उभं राहिलं. नमुना नसेल तर नमुना आधी बनवायचा आणि मग वस्तू, ही इथली जुनी खोड. त्याचा अभिमान जरा जास्तच होतो आम्हाला, हेही खरं. पण मशीनशॉपमध्ये आता सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, प्रोग्रॅम टाकून पोरं बाजूला रील्स बघत बसतात आणि काम जास्त अचूक होतं, त्यामुळं कानसवाल्या हातांचं फार गुणगान गायला मी काही जात नाही. मामांनीसुद्धा शेवटी तेच केलं. पितळेची चावी फिरली, चारही ठिकाणी, लॉक, अॅक्सेसरी, ऑन, स्टार्ट, आणि गाडी पहिल्याच दणक्यात सुरू झाली, तेव्हा ते म्हणाले, ही नमुन्याची. पितळ मऊ आहे, रोज वापरली तर परत झिजेल. चला टपरीवर, हिच्यावरनं मशीनवर कडक ब्लँकच्या दोन काढून देतो. मशीन वाईट नाहीच, त्याला नमुना चांगला मिळायला पाहिजे.

पैसे सगळे मिळून नऊशे मागितले. आत्तीनं सातशेला हात घातला. मग गर्दीतलाच एक जण म्हणाला, अहो बाई, द्या की, एवढं ऑपरेशन केलंय. दिले.

आता ह्याच्या शेजारी आमच्या इचलकरंजीच्या मित्राची गोष्ट ठेवतो. त्याची गाडी अलीकडची, चावीच्या डोक्यात चिप. ती चिप म्हणजे तिला स्वतःची बॅटरीपण लागत नाही, इग्निशनभोवती तारेचं एक कडं असतं त्यातनं तिला तेवढ्यापुरता करंट मिळतो, मग ती आपला कोड सांगते, आणि गाडीचा कॉम्प्युटर ओळख पटली तरच इंजिन चालू देतो. युरोपात 1998 पासनं नव्या गाड्यांना हे सक्तीचं केलं, चोऱ्या फार व्हायला लागल्या होत्या म्हणून. मित्राची चावी हरवली. गाडी टो करून शोरूमला. आरसी, आधार, अर्ज, पोलिसांकडं हरवल्याची नोंद. मग चावी वरनं मागवायची. आली की घरातली दुसरी पण घेऊन या म्हणाले, दोन्ही एकदम कोड करायला लागतात. बिल बघून तो आठवडाभर कुणाशी बोलला नाही. दात कापून देणारे मामा त्याला मिळाले असते, पण दात कापून काय उपयोग, दार उघडेल आणि गाडी म्हणेल, तुम्ही कोण? (आता टपऱ्यांवर पण चिप कॉपी करायचं यंत्र घेऊन बसणारे आहेत काही, पण त्यांनाही बहुतेक वेळा एक चालू चावी हातात लागते. सगळ्याच गेल्या तर काम अवघड.)

हे सांगितलं की लोक लगेच म्हणतात, बघा, जुनं ते सोनं. मी तसं म्हणणार नाही. मित्राची हरवलेली चावी त्या कॉम्प्युटरच्या यादीतनं पुसून टाकली, आता ती कुणाला सापडली तरी फार तर दार उघडेल, गाडी सुरू व्हायची नाही. आत्तीची हरवलेली चावी मात्र अजून लक्ष्मीपुरीत कुठंतरी आहे आणि ती ह्या गाडीला कायम लागणार. जुन्या कुलपाला विसरता येत नाही. हा मुद्दा मामांनीच काढला होता. म्हणाले, मॅडम, पत्त्यांची जागा बदलून देतो, म्हणजे जुनी चावी चालायची नाही, पण मग तिन्ही कुलपं उघडायला लागतील, इग्निशनचं दांड्यावरनं उतरवायला लागेल, दिवस जाईल.

आत्तीनं जरा विचार केला. मग म्हणाली, "ज्याला ती सापडली असेल त्याला मागं ओढून वर उचलायचं माहीत आहे काय?"

मामा हसले. "न्हाई."

"मग राहू दे."

गणिताच्या बाई. बिनतोड नाही म्हणता येणार, पण हिशेब चुकीचा पण नाही. घराचं कुलूप मात्र तिनं त्याच संध्याकाळी बदलून घेतलं. शेजारच्या काकींकडं एक चावी असते म्हणून आत तरी जाता आलं, नाहीतर तिथं परत मामा.

नवीन चावी जड जुडग्यात लावायची नाही, असं मामांनी बजावलंय. गाडी खड्ड्यातनं गेली की ते सगळं वजन इग्निशनच्या नळकांड्याला हिसके देतं आणि पत्त्या झिजतात. कोल्हापूरच्या रस्त्यांवर म्हणजे दिवसभर हिसकेच. त्यामुळं अंबाबाई जरी सापडली असती तरी ती आता घरच्या चावीला गेली असती. गाडीच्या चावीला नुसती एक लाल नाडी.

गंमत पुढं झाली. आमचा भाऊ पुण्यासनं आला होता, त्यानं आत्तीला देवळात सोडायला गाडी काढली. सवयीनं स्टिअरिंग डावीकडं दाबलं, चावी मागं ओढली, आणि चावी फिरेना. परत ओढली, परत उचलली. खाली येऊन म्हणाला, मामांनी चावी चुकीची दिली. मी म्हटलं, काही करू नको, नुसती घाल आणि फिरव. त्याला पटेना. नुसती कशी फिरवायची, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. फिरली. मग परत बंद करून परत फिरवून बघितली. म्हणाला, आता कुणीपण चालवेल की ही गाडी. जरा नाराजच झाला बहुतेक. माझाही अंगठा अजून आपोआप खालनं टेकू द्यायला जातो. आत्ती मात्र अजून "अंबाबाई" म्हणते, तिचा त्या चावीशी काही संबंध नव्हताच म्हणते.

आणि चालू गाडीतनं चावी आता निघते का, तर कुलूप तेच आहे, झीज तीच, पण नव्या चावीचे दात पूर्ण असल्यामुळं ती पकडून राहते, निघत नाही. भेळ घ्यायची तर गाडी बंद करायला लागते. आत्ती म्हणते, पेट्रोल वाचतंय.

दोन चाव्या काढल्या त्यातली एक आमच्याकडं ठेवायची असं ठरलं. पितळेची नमुन्याची चावी आरसीच्या फाइलमध्ये, मेथीच्या कागदासकट, कारण त्यावर आकडे आहेत आणि पुढच्या वेळी कुणाला दार उघडायला लागू नये. निघताना मामांनी एक सांगितलं होतं, की चावीचा फोटो कुणाला पाठवू नका, दात स्पष्ट दिसले तर नुसत्या फोटोवरनं पण चावी बनवता येते. मी ते आत्तीला सांगायला घरी गेलो तोपर्यंत फॅमिली ग्रुपवर फोटो येऊन पडला होता. तळहातावर नवी कोरी चावी, लाल नाडी, दात लख्ख, एकेक मोजून घ्यावा असा. खाली "नवीन चावी" आणि हात जोडलेले. बेचाळीस जणांचा ग्रुप, सगळ्यांचे अंगठे वर.

म्हटलं, आत्ती, डिलीट कर ते.

"कशाला? गाडी चोरायला कोण येणार आहे, तुझा बेळगावचा मामा?"

बेळगावच्या मामांनी खाली विचारलंच होतं, दुसरी चावी आहे काय म्हणून.